मोबदला, खंड आणि वाटा : ऊर्जाप्रकल्प व स्थानिक समाज यांच्या नात्याची परिभाषा

इंग्रजी व्यवस्थापनशास्त्रातील ‘शेअर्ड व्हॅल्यू’ ही संज्ञा मराठीत आणू लागताच दोन प्रतिशब्द समोर येतात, आणि त्यांतील कोणता स्वीकारावा हा प्रश्न केवळ परिभाषाकोशापुरता राहत नाही. ‘वाटलेले मूल्य’ म्हटले, तर एकाने निर्माण केले आणि मागाहून त्यातील काही इतरांस दिले, असा अर्थ निघतो. ‘सामाईक मूल्य’ म्हटले, तर गोष्ट निराळी होते. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक क्षेत्र हे शब्दप्रयोग आपल्या महसुली व्यवहारात रुळलेले आहेत. सामाईक विहिरीवर प्रत्येक हिस्सेदाराची पाण्याची पाळी ठरलेली असते आणि ती कोणाच्या औदार्यावर अवलंबून नसते. इंग्रजी ‘शेअर’ या शब्दात वाटणे आणि वाटा असणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीला ते वेगळे करावे लागतात, आणि या सक्तीचा आपणास येथे उपयोगच होणार आहे. ऊर्जानिर्मिती करणाऱ्या कंपन्या आणि ज्यांच्या शिवारात त्या उभ्या राहतात ते लोक, यांच्यातील व्यवहार या भेदाच्या साहाय्याने तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने अर्थशास्त्राच्या अंगणात किती शिरावे याला मर्यादा आहे. परंतु करारनामे शब्दांनीच लिहिले जातात, एवढा आधार त्यास पुरेसा असावा.

ही संज्ञा रूढ केली ती मायकेल पोर्टर व मार्क क्रेमर या दोन अमेरिकन लेखकांनी. २००६ साली त्यांनी तिचा प्रथम उल्लेख केला आणि २०११ च्या आरंभी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात तिचा विस्तार केला. कंपनीची स्पर्धाशक्ती वाढविणाऱ्या ज्या कार्यपद्धतींनी त्याच वेळी भोवतालच्या समाजाची आर्थिक व सामाजिक स्थितीही सुधारते, त्या कार्यपद्धतींनी सामाईक मूल्य निर्माण होते, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. त्यासाठी त्यांनी तीन वाटा सांगितल्या : समाजाच्या गरजा ओळखून उत्पादने व बाजारपेठा यांचा नव्याने विचार करणे, उत्पादनाच्या साखळीतील उत्पादकता वाढविणे, आणि कंपनीच्या परिसरात पूरक उद्योगांचे पुंजके वाढू देणे. नफ्यातून दानधर्म करण्यापेक्षा नफा मिळविण्याच्या रीतीतच समाजाचे हित गुंफावे, हा विचार आकर्षक आहे यात संशय नाही. २०१४ साली अँड्र्यू क्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॅलिफोर्निया मॅनेजमेंट रिव्ह्यू’मध्ये त्यावर टीका केली. कंपनीचे हित आणि समाजाचे हित जेथे परस्परविरोधी असते तेथे काय करावे, याचे उत्तर या विचारात नाही, हा त्या टीकेचा मुख्य रोख होता.

ऊर्जेच्या क्षेत्रात हा विरोध अपवादाने येत नाही. तो या धंद्याच्या घडणीतच आहे. साबणाचा किंवा दुधाच्या भुकटीचा कारखाना कोठेही काढता येतो. जलविद्युत्‌केंद्र मात्र जेथे पाणी उंचावरून पडते तेथेच होणार, कोळशाचे केंद्र खाणीजवळ किंवा बंदराजवळ होणार, पवनचक्क्या वाऱ्याच्या पठारावर उभ्या राहणार. साधन एका जागी बांधलेले असते आणि माल मात्र निर्माण होताक्षणी तारेवरून शेकडो मैल दूर निघून जातो. ज्याची जमीन जाते तो या मालाचा गिऱ्हाईक असतोच असे नाही. बांधकामाची वर्षे सरली की केंद्र चालविण्यास थोडीच माणसे लागतात, आणि तीही शिकलेली, म्हणजे बहुधा बाहेरची. यंत्रे परगावाहून किंवा परदेशाहून येतात. तेव्हा पोर्टर-क्रेमर यांच्या तिन्ही वाटा ऊर्जाकेंद्राच्या कुंपणाशी येऊन बऱ्याच अरुंद होतात. उरतो तो मूळ प्रश्न : पाणी, वारा, ऊन, कोळसा यांच्या विशिष्ट जागी असण्यामुळे जो लाभ होतो, त्यात त्या जागी राहणाऱ्यांचा हक्क कोणता?

या प्रश्नास महाराष्ट्राने दिलेले उत्तर मराठी भाषेत एका शब्दाच्या रूपाने साठून राहिले आहे. तो शब्द ‘प्रकल्पग्रस्त’. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. त्याचे हे कर्मणि भूतकालवाचक विशेषण. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, रोगग्रस्त या मालिकेत हा शब्द जाऊन बसला आहे आणि त्या मालिकेतील प्रत्येक पूर्वपद हे संकट आहे. विकासाचे साधन म्हणून ज्याची योजना केली, त्यास भाषेने पूर व दुष्काळ यांच्या पंक्तीस बसविले. १९९९ च्या पुनर्वसन अधिनियमाने ‘प्रकल्पबाधित व्यक्ती’ असा सौम्य शब्द योजला खरा, परंतु लोकांच्या तोंडी, वृत्तपत्रांत आणि दाखल्यावरसुद्धा ‘प्रकल्पग्रस्त’ हाच राहिला. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ही ग्रस्तता वारसाने चालते. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के समांतर आरक्षणासाठी लागणारा दाखला मुलाकडे वा नातवाकडे हस्तांतरित होतो. ज्याने गाव पाण्याखाली जाताना पाहिले नाही, तोही त्यामुळे कागदोपत्री गिळलेला ठरतो. आजोबाच्या जमिनीच्या बदल्यात नातवास मिळते ती नोकरीच्या उमेदवारीतील थोडी सवलत. ज्या विजेसाठी जमीन गेली, तिच्याशी या सवलतीचा काहीही संबंध नाही.

या इतिहासाचा आरंभ मुळशीस होतो. पहिल्या महायुद्धानंतर टाटा पॉवर कंपनीने मुळा नदीवर धरण बांधून, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून पाणी खाली भिरा येथे आणून वीज निर्माण करण्याची योजना हाती घेतली. वीज हवी होती ती मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला. बुडणार होती ती पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यातील पन्नासाच्या आसपास गावे. जमीन घेण्याचे साधन १८९४ चा भूसंपादन कायदा. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली, आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण १९२७ साली पूर्ण झाले.

या लढ्याच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात तिचा सविस्तर विचार केला आहे. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावे होत्या व मावळे त्या कुळ म्हणून कसत होते. कंपनीकडून पुरेसा पैसा मिळत असेल तर जमीन देण्यास सावकाराची हरकत असण्याचे कारण नव्हते. कुळास मात्र पैशाने भरून न येणारे नुकसान सोसावयाचे होते. ‘मोबदला’ हा शब्द मूळ अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला असून त्याचा अर्थ अदलाबदल असा आहे. अदलाबदल होण्यासाठी दोन्ही बाजूंकडे बदलण्याजोगे काहीतरी असावे लागते. कुळाकडे कागदावर काहीच नव्हते. शिवाय अदलाबदल झाली की संबंध संपला. नदी वाहत राहते, जनित्र फिरत राहते, दरवर्षी नवी वीज आणि नवे उत्पन्न येते, परंतु मोबदला एकदाच मिळतो. ‘नुकसानभरपाई’ या शब्दाची दृष्टी तर याहूनही मागे वळलेली आहे. खड्डा किती पडला एवढेच तो विचारतो.

आपल्या शेतीव्यवहारात मात्र एकदाच देऊन मोकळे होण्याखेरीज इतरही रीती होत्या आणि त्यांस नेमके शब्द होते. जमीन ‘खंडाने’ दिली म्हणजे पीक येवो वा न येवो, ठरलेली रक्कम दरवर्षी मिळावयाची. ‘अर्धेलीने’ किंवा ‘वाट्याने’ दिली म्हणजे पिकाचा ठरलेला अंश मिळावयाचा. सुगी चांगली तर दोघांचे चांगले, अवर्षण तर दोघांवरही. आणि बलुत्यासारख्या व्यवस्थेत गावच्या उत्पन्नातील वाटा धान्याच्या रूपानेच, मालाचा माल म्हणून, पदरात पडे. (बलुतेपद्धतीतील जातिबद्ध अन्याय येथे विसरण्याचे कारण नाही, आपण फक्त देण्याच्या रूपाकडे पाहत आहोत.) मोबदला, खंड, वाटा आणि मालरूपाने हिस्सा या चार रूपांची कसोटी घेऊन आपण जगातील काही ऊर्जाव्यवहार पाहू. प्रथम नॉर्वे, कारण तेथील कायदा मुळशीचा जवळजवळ समकालीन आहे.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्या सुमारास तेथील धबधब्यांचे हक्क परदेशी भांडवल भराभर विकत घेत होते. त्यास आळा घालण्यासाठी १९०६ साली घाईघाईने एक कायदा झाला, १९०९ साली तो विस्तारला आणि १९१७ साली परवान्यांचा सर्वंकष कायदा झाला. त्यात दोन तत्त्वे होती. पहिले असे की, खाजगी कंपनीस दिलेला परवाना जास्तीत जास्त ६० वर्षांचा. मुदत संपली की धबधबा, धरण व केंद्र विनामूल्य राज्याकडे परत यावयाचे. दुसरे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे : ज्या स्थानिक नगरपालिकांच्या हद्दीतील पाणी वापरले जाते, त्यांस त्यांच्या गरजेच्या मर्यादेत, निर्मितीच्या १० टक्क्यांपर्यंत वीज निर्मितिखर्चावर आधारलेल्या दराने देणे कंपनीवर बंधनकारक. हे धान्यरूप वाट्यासारखेच झाले. पैशाची किंमत बदलते, करांचे दर बदलतात, परंतु विजेचा दहावा हिस्सा विजेचा दहावा हिस्साच राहतो, आणि विजेची किंमत वाढेल तशी त्याचीही किंमत वाढते. डोंगराळ भागातील लहान लहान नगरपालिका आज ही वीज बाजारभावाने विकतात व फरकाची रक्कम शाळा, वृद्धांची निगा इत्यादी सेवांवर खर्च करतात. मुदतबंदीचे तत्त्व पुढे २००७ साली एफ्टा न्यायालयात सापडले, कारण ते फक्त खाजगी कंपन्यांना लागू होते. त्यावर नॉर्वेने २००८ साली मोठ्या जलविद्युत्‌प्रकल्पांत किमान दोन तृतीयांश सार्वजनिक मालकी आवश्यक केली. दहाव्या हिश्शाचे तत्त्व मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

मुळशीत आणि नॉर्वेत पाणी उंचावरून पडण्याची पदार्थवैज्ञानिक क्रिया एकच होती, आणि कंपन्यांचा स्वभावही फारसा निराळा नसावा. फरक होता तो असा की, नॉर्वेतील गावाच्या वतीने बोलणारे निवडून आलेले विधिमंडळ होते आणि मुळशीच्या वतीने बोलणाऱ्यांस तुरुंगात जावे लागले. सामाईक मूल्य कंपनीने निर्माण करावयाचे असते, ही कल्पना या एका तुलनेनेच ढिली पडते. नॉर्वेतील कंपन्यांनी दहावा हिस्सा स्वयंस्फूर्तीने दिलेला नाही.

डेन्मार्कने तिसरी रीत धरली. तेथे पवनचक्क्यांच्या आरंभापासूनच शेजाऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी मालकी घेण्याची परंपरा होती. कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली उभारलेल्या मिडलग्रुंडेन येथील २० चक्क्यांपैकी निम्म्या नगराच्या वीजसंस्थेच्या, तर निम्म्या ८,५०० च्या आसपास सभासद असलेल्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. २००८ च्या कायद्याने नव्या पवनप्रकल्पातील किमान २० टक्के भाग प्रथम साडेचार किलोमीटरच्या आतील प्रौढ रहिवाशांस मूळ खर्चाच्या दराने देऊ करणे सक्तीचे केले. ही शुद्ध अर्धेल झाली. वारा पडला तर भागधारकाचेही उत्पन्न पडते. पण तीत एक ग्यानबाची मेख आहे. भाग विकत घ्यावा लागतो. ज्याच्याजवळ शिल्लक आहे तो भागधारक होतो. ज्याच्याजवळ नाही, त्यास चक्कीचा आवाज तेवढा ऐकावयास मिळतो. २०२० साली डेन्मार्कने हे कलम काढून त्याजागी जवळच्या घरांस दरवर्षी बोनस देण्याची योजना आणली. म्हणजे भाग विकत घेऊन मिळणाऱ्या वाट्याकडून विकत न घेता मिळणाऱ्या वार्षिक देण्याकडे सरकणे झाले, आणि गरीब शेजाऱ्याच्या दृष्टीने ते अवनतीचे पाऊल होते असे खात्रीने म्हणता येत नाही.

खंडाचे ठळक भारतीय उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातील तुमकुरु जिल्ह्याच्या पावगडा तालुक्यात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. येथे जमीन संपादन केली नाही. शेतकऱ्यांकडून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. आरंभीचा दर एकरी वार्षिक २१,००० रुपये व दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. वारंवार दुष्काळ पडणाऱ्या या तालुक्यात कोरडवाहू भुईमुगापेक्षा हे उत्पन्न अधिक भरवशाचे आहे. मालकी शेतकऱ्याकडेच राहते, हेही थोडे नव्हे. मुळशीपासून येथवरचे अंतर मोठे आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तरीही दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. पहिली गणिताची. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर दहा वर्षांनी २१,००० रुपयांचे खंडाच्या वाढीने सुमारे २६,८०० होतात, आणि मूळ २१,००० मध्ये जे विकत येत होते त्यास सुमारे ३४,२०० लागतात. म्हणजे खंड वाढत असूनही त्याची खरेदीशक्ती पाचव्या हिश्शाहून अधिक आटते. उत्पन्नाच्या अंशावर बांधलेला वाटा निदान विजेच्या विक्रीशी जोडलेला राहिला असता. दुसरी गोष्ट मुळशीचीच आहे. भाडे मिळते ते ज्याच्या नावे जमीन आहे त्यास. त्या शेतांवर रोजाने राबणारे भूमिहीन मजूर व तेथे शेळ्यामेंढ्या चारणारे लोक यांचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते. शेती थांबली, तेव्हा त्यांचे काम गेले आणि भाडे दुसऱ्याकडे गेले. शंभर वर्षांनी सावकाराच्या जागी लहान शेतकरी आला, ही प्रगती खरी. कुळाच्या जागी मजूर आला, हे तेवढेच खरे.

महाराष्ट्रात २०१७ साली सुरू होऊन २०२३ साली दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेली ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तीत खाजगी जमीन हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये व दरवर्षी ३ टक्के वाढ या दराने भाड्याने घेतली जाते. खंडाच्या वर सांगितलेल्या उणिवा येथेही आहेतच, आणि जेथे सरकारी किंवा गायरान जमीन घेतली जाईल तेथे चराईचा प्रश्नही. परंतु तिचे वैशिष्ट्य भाड्यात नाही. ही लहान केंद्रे कृषिपंपांना वीज देणाऱ्या उपकेंद्रांच्या जवळपास उभारावयाची असतात व त्यांची वीज त्याच परिसरातील पंपांकडे जाते. रात्रीच्या पाळीत, साप-विंचवाच्या आणि आता बिबट्याच्याही भीतीत पाणी धरणाऱ्या शेतकऱ्यास दिवसा वीज मिळण्याची ही सोय आहे. वितरण कंपनीस ती वीज स्वस्त पडते आणि लांबून वाहून आणण्यातील गळती टळते. येथे माल तारेवरून परागंदा होत नाही. पोर्टर-क्रेमर यांची पहिली वाट ऊर्जाक्षेत्रात खरोखर कोठे रुंद होत असेल, तर ती अशा ठिकाणी होते, आणि त्याचे श्रेय कंपनीच्या सद्भावनेपेक्षा केंद्र कोठे असावे हे ठरविणाऱ्या नियमाकडे जाते.

उरलेल्या भारतीय तरतुदी थोडक्यात सांगता येतील. २००८ च्या जलविद्युत्‌धोरणाने प्रकल्प असलेल्या राज्यास मिळणाऱ्या १२ टक्के मोफत विजेशिवाय आणखी १ टक्का स्थानिक विकासनिधीसाठी राखला. तत्त्व नॉर्वेचेच, पण हिस्सा एक दशांशाऐवजी एक शतांश. २०१५ च्या दुरुस्तीने खाणींच्या स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानांस रक्कम मिळू लागली. कोळशाच्या जिल्ह्यांस ती मोठी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयास लावली. ऊर्जाकंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ‘सामाईक मूल्य’ या शीर्षकाखाली बहुधा या शेवटच्या खर्चाचीच छायाचित्रे असतात : शाळेस संगणक, गावास पाण्याची टाकी. टाकी उपयुक्त असते. परंतु ती कोठे बांधावी हे कंपनी ठरविते, आणि नफा नसेल त्या वर्षी मागण्याचा हक्क कोणास उरत नाही. सामाईक विहिरीवरच्या पाळीशी तिची तुलना होऊ शकत नाही.

वाट्याने सर्व प्रश्न सुटतात असेही नव्हे. नॉर्वेतच फोसेन द्वीपकल्पावर उभारलेल्या पवनचक्क्यांनी सामी लोकांच्या रेनडियरांची हिवाळी कुरणे व्यापली. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे परवाने अवैध ठरविले, कारण त्यांनी अल्पसंख्याकांच्या संस्कृती-उपभोगाच्या हक्काचा भंग होत होता. चक्क्या तोवर फिरत होत्या व पुढेही फिरत राहिल्या. २०२३ च्या डिसेंबरात व २०२४ च्या मार्चमध्ये दोन सामी गटांशी तडजोडी झाल्या. दशांशाची परंपरा असलेल्या देशातही ‘यात आमचा वाटा किती?’ याऐवजी ‘हे मुळात येथे हवेच का?’ असा प्रश्न विचारणारे लोक निघाले. मुळशीच्या घोषणेतील ‘किंवा’ हे अव्ययही हाच प्रश्न विचारत होते. ज्यांना नकार देण्याची सोय नाही, त्यांच्याशी झालेल्या वाटणीस करार म्हणणे कठीण आहे.

आता पुन्हा शब्दांकडे. शासकीय व कंपनीच्या मराठीत अलीकडे ‘हितधारक’ हा शब्द शिरला आहे. तो इंग्रजी ‘स्टेकहोल्डर’चा अनुवाद असून ‘भागधारक’ या जुन्या शब्दाच्या साच्यात ओतलेला आहे. साचा एक असल्याने दोघांची पायरीही एक असावी असा भास होतो. भागधारकाच्या हाती कागद असतो, त्यावर त्याचा अंश लिहिलेला असतो आणि तो न मिळाल्यास त्यास न्यायालयात जाता येते. हितधारकाच्या हाती यांतील काहीच नसते. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांस जनसुनावणी लागते, त्यांच्या अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देणे आवश्यक आहे; मूळ अहवाल इंग्रजीत चालतो. सुनावणीचा गोषवारा शेवटी उपस्थितांस त्यांच्या भाषेत समजावून सांगावा, असेही त्या अधिसूचनेत म्हटले आहे. सौर व पवन प्रकल्पांस ही सुनावणीही लागू नाही. तेथे गावकऱ्यासमोर येणारा लेख एकच, भाडेपट्ट्याचा. त्यात दर, वाढ, मुदत आणि मुदतीनंतर पत्रे व खांबांचे पाये कोणी काढावयाचे, ही कलमे कोणत्या भाषेत व कोणत्या शब्दांत लिहिली जातात, याचा संग्रह आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना एकेका तालुक्यापुरता सहज करता येण्याजोगा आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेल्या दस्तांच्या नकला रीतसर अर्ज करून मिळतात.